कारखान्यातली कांडी: पांढरं पिल्लू बहिरं आहे हे कसं कळलं आणि मग काय काय केलं

कुत्र्याचं पांढरंशुभ्र, गुलाबी नाकाचं पिल्लू मिळतंय म्हटलं की लोक आधी फोटो मागतात, मग भाव विचारतात, मग आई कुठली बाप कुठला, आणि कानाचं कुणीच विचारत नाही. म्हणून आमच्या कांडीचं सगळं लिहून टाकतेय. जरा लांबलंय, पण असं पिल्लू घ्यायचा विचार असेल तर वाचाच.

आमचा सोलापुरात पूर्व भागात यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, खाली माग आणि वर आम्ही राहतो. टॉवेल काढतो. सूत बऱ्याचदा तामिळनाडूतून येतं आणि तिकडे विरुधुनगर जिल्ह्यात राजापालयम म्हणून गाव आहे, सूतगिरण्यांचं, आणि त्याच गावाच्या नावाची कुत्र्याची जात पण आहे. उंच, सडपातळ, पांढरा रंग, गुलाबी नाक, सोनेरी डोळे, पूर्वी रानडुकराच्या शिकारीला आणि राखणीला ठेवायचे. २००५ मध्ये पोस्टाने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती त्यात हा होता, आपल्या शेजारचा मुधोळ हाऊंड पण होता. तर झालं असं की रात्री कारखान्याच्या मागच्या बाजूने सुताचे कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, गायब व्हायला लागले, अप्पांनी सुताची गाडी आणणाऱ्या ड्रायव्हर अण्णांना सहज सांगून ठेवलं की तिकडे राखणीचं चांगलं कुत्रं दिसलं तर बघा, आणि पुढच्या खेपेला अण्णा केबिनमधून पुठ्ठ्याचं खोकं घेऊनच उतरले.

खोक्यात ही. साधारण दीड महिन्याची. अंगावर एक ठिपका नाही, नाक गुलाबी, पापण्यांच्या कडा गुलाबी, एक डोळा पिवळसर आणि एक निळा. आल्या आल्या कांड्या (मागाच्या धोट्यात बसणारी सुताची बारीक गुंडाळी) भरणाऱ्या मावशींच्या टोपलीत शिरून झोपली म्हणून नाव कांडी पडलं. निळा डोळा बघून तर सगळे खूशच, अण्णा म्हणाले असलं पिल्लू लै रेअर असतंय. रेअर कशाचं असतंय ते नंतर कळलं.

गंमत बघा, सुरवातीला कुणाला काही वेगळं वाटलंच नाही आणि त्याला कारण आमचा कारखानाच. माग चालू असले की आत ९० डेसिबलच्या वर आवाज असतो, शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरच ऐकू जातं, आणि ही बया त्या खडखडाटात डाराडूर झोपायची. सगळ्यांना कौतुक, किती धीट आहे, कामाचं कुत्रं होणार. लाईट जाऊन परत आली आणि माग सुरू झाले की दचकून उठून बसायची, मग ऐकू येत नाही अशी शंका यायचं कारणच नाही ना. पण ती उठायची ती फरशी थरथरायला लागली म्हणून. आमच्याकडे माग सुरू झाला की वरच्या मजल्यावर मांडणीतल्या वाट्या वाजतात, एवढी थरथर असते.

पहिली शंका आमच्या मामांना आली. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने विणकर, सगळी हयात मागावर गेली आणि त्यांचं ऐकणं आता जवळजवळ गेलंय. एक दिवस चहाच्या वेळी कांडीकडे बघत म्हणाले, "ताई, ही माझ्यासारखीच हाय बघ. तोंडाकडं बघती, हाक न्हाई ऐकत." मी म्हटलं काहीतरीच काय मामा. पण मग मी बघायला लागले तर एकेक गोष्ट दिसायला लागली. गेट धाडकन लागलं तरी झोपलेलीच. जेवणाचं ताट वाजवलं की गल्लीतली कुत्री गेटशी जमतात, ही समोर ताट दिसल्याशिवाय हलत नाही. खेळताना चावायची तर इतकी जोरात की माझ्या भाच्याच्या हातावर दातांचे व्रण, तो किंचाळला तरी सोडायची नाही. याचं कारण नंतर डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लं एकमेकांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं, त्यावरून चावायचं किती हे शिकतात, बहिऱ्या पिल्लाला ते केकाटणंच ऐकू येत नाही. म्हणजे पिल्लू खूप चावतंय, हाकेला येत नाही, झोपेतून उठवलं की अंगावर येतंय, तर लोक म्हणतात तापट आहे, हट्टी आहे. आधी कान बघा.

घरी टेस्ट कशी केली ते नीट सांगते कारण इथेच सगळे गंडतात. टाळी वाजवली आणि पिल्लाने बघितलं म्हणजे ऐकू आलं असं नसतं. टाळी वाजवताना हात दिसतो, सावली हलते, जवळून वाजवली तर वारा लागतो, पाय आपटला तर जमीन हलते, आणि बाकीची पिल्लं बरोबर असतील तर ती वळली की हे पण वळतं. त्यामुळे पिल्लू एकटं पाहिजे, तुम्ही त्याच्या मागे किंवा भिंतीआड पाहिजे, आणि जमिनीला काही लागायला नको. आमच्याकडे माग बंद असलेला दिवसच लागणार होता म्हणून सुट्टीच्या दिवशी वरच्या खोलीत गादीवर तिला झोपू दिलं, अप्पा समोर खुर्चीत नुसते तिच्या कानाकडे बघत बसले आणि मी दाराआडून एकेक आवाज काढला. शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा, चूं चूं वाजणारी रबरी खेळणी, मोबाईलवर दुसऱ्या कुत्र्याचं भुंकणं. ऐकू येणाऱ्या पिल्लाचा झोपेत सुद्धा कान तरी हलतो, डोळा तरी किलकिला होतो. एकच आवाज परत परत काढला तर ऐकू येणारं पिल्लू पण कंटाळून लक्ष देणं सोडतं, म्हणून आवाज बदलत राहायचे आणि वेगवेगळ्या दिवशी करून बघायचं. मी शेवटी स्टीलचं ताट हातात धरून उलथन्याने बडवलं. खालून मावशींनी विचारलं "काय करलालीस गं?" आणि कांडीचा कान तसाच. मग मी नुसती गादीच्या टोकावर बोट दाबून सोडलं तर टुणकन उठली. अप्पा काही बोलले नाहीत, उठून खाली गेले.

मग डॉक्टर. नाव लिहीत नाही, पण माणूस चांगला भेटला. त्यांनी आधी कानात दुर्बीण घालून बघितलं, मळ साठलाय का, गोचीड किंवा कानातला किडा आहे का, पू आहे का, पडदा नीट आहे का. कारण बाहेरच्या कानाचं काही असेल तर ते औषधाने सुधरू शकतं. कान स्वच्छ निघाले. मग त्यांनी तिचा निळा डोळा, नाक, ओठाच्या आतली बाजू, पोटाची कातडी सगळं बघितलं आणि म्हणाले हे रंगाचंच आहे.

रंगाचा आणि कानाचा काय संबंध हे मला तेव्हा पटेना, आता थोडंफार कळतं ते माझ्या भाषेत सांगते. कानाच्या आत खोल कॉक्लिया असतं, त्याच्या भिंतीत एक थर असतो, स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस म्हणतात. हा थर म्हणजे कानाची बॅटरी समजा, आतल्या द्रवात पोटॅशियम टिकवून ठेवतो आणि त्यावर ऐकण्याच्या बारीक पेशी चालतात. त्या थरात मेलॅनोसाइट म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशी लागतात. आता या रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून सगळ्या अंगभर पसरत जातात, त्वचेत, डोळ्यात, कानात. काही जातींमध्ये या पेशी पसरणंच कमी होतं, त्या जिथे पोचत नाहीत तिथे केस पांढरे राहतात, नाक गुलाबी राहतं, डोळ्यात नाही पोचल्या तर डोळा निळा, आणि आतल्या कानात नाही पोचल्या तर तो थर जन्मानंतर काही आठवड्यांतच सुकतो आणि ऐकण्याच्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. पिल्लाच्या कानाची भोकं उघडतातच मुळात दोन आठवड्यांच्या सुमाराला, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत हा निकाल लागलेला असतो. म्हणजे कांडी खोक्यातून उतरली तेव्हाच तिचे कान गेलेले होते.

हे मी मुद्दाम लिहितेय कारण आख्ख्या गल्लीने ठरवून टाकलं होतं की कारखान्याच्या आवाजाने पिल्लू बहिरं झालं. आवाजाने बहिरेपण येतं हे खरंच आहे, मामांकडे बघा, पण त्याला वर्षं लागतात. ऐकू येणारं पिल्लू मागाजवळ बांधून ठेवू नकाच, ते वेगळं. कांडीचं मात्र आईबापाकडून आलेलं आहे. पांढरीच पिल्लं हवीत म्हणून पांढऱ्याला पांढरं लावत गेले की हे होणारच.

पण म्हणून पांढरं म्हणजे बहिरं असं पण नाही हां. आपल्याकडे घरोघरी असतो तो पांढरा पॉमेरियन किंवा स्पिट्झ, त्याचं नाक बघा, काळंभोर असतं, डोळ्याची कड काळी असते. म्हणजे रंगपेशी अंगात आहेत, फक्त केसात रंग फिका उतरतो. सामोयेडचं तेच, क्रीम लॅब्राडोरचं तेच. त्यांच्यात हा त्रास सहसा नसतो. भीती आहे ती राजापालयम, पांढरा बुल टेरियर, डोगो अर्जेंटिनो, पांढरा बॉक्सर, आणि डाल्मेशियन यांच्यात. डाल्मेशियनचं तर आश्चर्य वाटलं मला कारण त्याला काळे ठिपके असतात ना, पण तो मुळात पांढराच कुत्रा आहे, ठिपके नंतर उगवतात, जन्मतात तेव्हा पिल्लं सगळी पांढरी. अमेरिकेत हजारो डाल्मेशियन तपासले त्यात साधारण २२ टक्के एका कानाने आणि ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरे निघाले. ज्या थोड्या पिल्लांवर जन्मतःच मोठा काळा चट्टा असतो त्यांच्यात प्रमाण कमी, ज्यांचे डोळे निळे त्यांच्यात जास्त. अजून एक, ते राखाडी-निळसर चट्ट्याचं मर्ल म्हणून फॅशनमध्ये आलंय, त्यात मर्लला मर्ल लावलं की सरासरी चारातलं एक पिल्लू डबल मर्ल होतं, ते बरंचसं पांढरं असतं आणि बहिरेपणाबरोबर डोळे पण बारीक, कधी आंधळं. ते रेअर व्हाइट म्हणून जास्त भावाने विकतात, यावर काय बोलायचं.

माझी एक मावसबहीण कानाच्या दवाखान्यात आहे, लहान बाळांची बेरा टेस्ट करते. तिला सांगितलं तर म्हणाली अगं माणसात पण असतं हे, कपाळावर पांढरी बट, निळे डोळे आणि बहिरेपण, वॉर्डनबर्ग सिंड्रोम म्हणतात. कुत्र्यांची पण तीच टेस्ट असते, तिला बेअर म्हणतात. डोक्याच्या कातडीखाली अगदी बारीक सुया लावतात, कानात टिक टिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत सिग्नल पोचतोय का ते कॉम्प्युटरवर लाटांत दिसतं, बहिऱ्या कानाची रेघ सपाट. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून करता येते, एका कानाला काही मिनिटंच लागतात. आमच्या डॉक्टरांकडे ती मशीन नव्हती आणि ते म्हणाले हिला दोन्ही कानांनी काहीच येत नाही हे उघड आहे, टेस्ट करून इलाज बदलणार नाही. मला पटलं, आम्ही नाही केली. पण जे लोक पिल्लं काढून विकतात त्यांनी ती करायलाच हवी असं माझं मत आहे, कारण एका कानाने बहिरं पिल्लू घरच्या टेस्टमध्ये पकडताच येत नाही. ते हाकेला येतं, भुंकतं, सगळं नॉर्मल, फक्त आवाज कुठून आला हे कळत नाही म्हणून भलतीकडे बघतं. मालकाला आयुष्यभर पत्ता लागत नाही आणि त्याची पिल्लं काढली की पुढे परत तेच.

अण्णांना फोन केला तर बिचारे ओशाळले, म्हणाले पुढच्या खेपेला घेऊन जातो, बदलून दुसरं आणतो. मी विचारलं हिचं काय करतील? "ते बघतील की त्यांचं ते." आई भाकरी थापत होती, तिने तिथूनच सांगितलं बदलायला ती काय साडी हाय का. विषय संपला. अप्पा मात्र बरेच दिवस धुमसत होते, राखणीला आणलेलं कुत्रं आणि चोर डोक्यावर येऊन उभा राहिला तरी हिला पत्ता नाही.

आता शिकवायचं. इथे आमचा कारखाना कामाला आला. मागाच्या आवाजात बोलून उपयोग नसतो त्यामुळे विणकर लोक आपापसात हातानेच बोलतात, धागा तुटला, कांडी संपली, इकडे ये, माग बंद कर, सगळ्याला खूण. चहाला अंगठा ओठाशी नेऊन वर करायचा. कांडीने पहिली शिकलेली खूण हीच, कुणी न शिकवता. चहाबरोबर बिस्कीट मिळतं ना. मामा लांब चौथ्या मागावरून अंगठा ओठाशी न्यायचे आणि ही फाटकावरून उडी मारून त्यांच्या पायाशी हजर, समोर बसून नुसती त्यांच्या हाताकडे बघत. मग मामांनीच तिला पुढचं शिकवलं. तळहात छातीकडे ओढला की ये, तळहात खाली दाबला की बस, पंजा समोर उभा धरला की थांब, आणि अंगठा वर म्हणजे शाबास, लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. प्रत्येक खूण घरात सगळ्यांनी सेम करायची, आईची वेगळी माझी वेगळी असं नाही चालत. आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती आपणहून आपल्या तोंडाकडे बघेल तेव्हा दरवेळी काहीतरी द्यायचं. बहिऱ्या कुत्र्याला हाक मारता येत नाही, ते बघत नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही. त्यामुळे बघायची सवय हीच त्याची हाक.

झोपेतून उठवायचं पण शिकवावं लागतं. एकदम हात लावला की दचकून तोंड टाकते, त्यात तिचा दोष नाही. आधी नाकासमोर हात धरायचा, वास जाऊ द्यायचा, मग खांद्यावर हलकं बोट, उठली की खाऊ. भाच्याला हे पाठ करायला लावलं आधी, मगच तिच्याजवळ सोडला. आता तुम्ही तिला उठवलं की शेपटी हलवतच उठते, कारण उठणं म्हणजे अंडं. रात्री अंगणातून बोलवायला पोर्चचा दिवा दोनदा बंद-चालू करतो. लेझरचा लाल ठिपका वापरू नका, काही कुत्र्यांना त्याच्या मागे लागायचं वेड लागतं आणि ते सुटत नाही. थरथरणारा पट्टा मिळतो तो आम्ही घेतला नाही, इथे जमीनच दिवसभर थरथरतेय. शॉक देणारा तर कुणी फुकट दिला तरी नको.

मागांच्या बाजूला आता लाकडी फाटक आहे कारण पट्टे आणि मोटरी, आवाजावरून सावध होणं तिला जमणार नाही. त्यावरून उड्या मारायची ते सुरवातीला, आता फाटक उंच केलंय. रस्त्यावर साखळीशिवाय कधीच नाही, रिक्षावाला हॉर्न मारून समजतो की कुत्रं बाजूला होईल. पट्ट्यावर पत्र्याची चकती आहे, मला ऐकू येत नाही असं लिहिलंय आणि मोबाईल नंबर.

कानाचं कळल्यावर मला वाटलं झालं एवढंच, तर उन्हाळा आला. सोलापूरचं ऊन काय सांगायचं, एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, आणि ज्या अंगात रंग नाही त्याला उन्हापासून कवच पण नाही. तिला गच्चीवर पाठीवर लोळत ऊन खायची भारी हौस. नाकाचा शेंडा, कानाची टोकं आणि पोट लाल झालं, मग नाकाची सालं निघायला लागली. डॉक्टर म्हणाले हे सनबर्न आहे, दरवर्षी होत राहिलं तर त्याच जागी पुढे कॅन्सर होऊ शकतो, हलकं घेऊ नका. तर आता सकाळी आठच्या आत फिरणं, परत दिवस मावळल्यावर, मधे गच्चीचं दार बंद, आणि बाहेर न्यावंच लागलं तर भाच्याचा जुना सुती बनियन. घरातलं सनस्क्रीन लावू नका हां, बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं, कुत्रं नाक चाटणारच आणि ते पोटात गेलं तर विषारी. कुत्र्याचं वेगळं मिळतं ते डॉक्टरांना विचारून आणलं.

मधे डोळ्याभोवती केस गेले, वाटी फिरवल्यासारखं गोल टक्कल. मला वाटलं हे पण पांढऱ्या रंगाचंच, पण नाही, कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली तर डेमोडेक्स नावाचा किडा. तो आईच्या अंगावरून पिल्लाला पहिल्या काही दिवसांतच येतो, लहान पिल्लात कुठल्याही रंगाच्या होतो, माणसाला लागत नाही. गोळ्या दिल्या, भरून आलं. पांढऱ्या कुत्र्याची कातडी जरा लाल झाली तरी लगेच दिसते, त्यामुळे लोक त्याला नाजूक समजतात, मला तर ते सोयीचंच वाटतं, गोचीड लांबून दिसते. आणि आपल्याकडे गोचीडतापाने किती कुत्री जातात ते बघता रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बघणं याला पर्याय नाही. लसी, जंताचं औषध हे सगळं इतर पिल्लांसारखंच, पहिली लस सहा-आठ आठवड्यांची असताना, मग सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी, रेबीज तीन महिन्यांनंतर. एक मात्र, कानात थेंब मेडिकलमधून मनाने आणून घालू नका. जेंटामायसिनसारख्या औषधांनी असलेलं ऐकणं पण जाऊ शकतं, पडदा फाटका असेल तर जास्तच. कांडीला त्याने काय फरक पडणार म्हणा, पण एकच कान चालू असलेल्या कुत्र्याचा तो कान घालवाल.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं तेव्हा आमच्या गल्लीतली सगळी कुत्री पलंगाखाली, गटारीत, मिळेल तिथे. कांडी गच्चीवर बसून आकाश बघत होती. मोत्या नावाचा एक गावठी आमच्या गेटवर पडीक असतो, तो तिच्या पोटाखाली तोंड घालून थरथरत होता. एरवी उलटं असतं, मोत्याने कान टवकारले की ही त्याच्याकडे बघून उठते आणि तो भुंकेपर्यंत गेटला पोचलेली असते. तिचं भुंकणं जरा विचित्र आहे, घशातून फाटल्यासारखं, अनोळखी माणूस दोन पावलं मागे जातोच. कोन चोरीला जायचे थांबलेत, ते कांडीमुळे की अप्पांनी बसवलेल्या कॅमेऱ्यामुळे यावर घरात वाद आहे. अप्पा कांडीच्या बाजूने आहेत.

वयात यायच्या आधी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. तोपर्यंत दोघं-तिघं विचारून गेले होते, राजापालयमचा नर आहे आमच्याकडे, जोडी लावू, पिल्लं अर्धी अर्धी. बहिरी आहे सांगितलं तर एक जण म्हणाला त्यात काय, पिल्लं थोडीच बहिरी होणारेत. होतात, तेच तर सांगतेय.

आता अण्णांच्या ओळखीतल्या अजून एकाला पिल्लू हवंय. त्यांना मी फोनवर सगळं समजावलं, पिल्लू एकटं घ्या, झोपलेलं असताना मागून आवाज करा, जमिनीला धक्का नको, आणि दोन्ही डोळे निळे असतील तर नाहीच. परवा त्यांनी व्हिडिओ पाठवला. चांगलं गुटगुटीत पिल्लू, आणि अण्णा त्याच्या नाकासमोर गाडीच्या किल्ल्या हलवून दाखवतायत, पिल्लू बघतंय, अण्णा खूश, "ऐकलं बघा ऐकलं!" मी म्हटलं अण्णा, मागून. मागून वाजवा. दुसरा व्हिडिओ अजून आलेला नाही.